ऑफिसात कुत्रा आणायचा, तर आधी मावशींना विचारा

ऑफिसात कुत्रे आणू द्यायचे का, हा विषय मीटिंगमध्ये निघाला की पहिली पाच मिनिटं मोबाइल फिरतात. आपापल्या लाडोबाचे फोटो दाखवून होतात, मग कोणीतरी हात वर करायला सांगतं, आणि ठराव मंजूर. फरशी पुसणाऱ्या मावशी त्या खोलीत नसतात. लिफ्टपाशी बसणारा वॉचमन नसतो, चहा फिरवणारा पॅन्ट्रीतला मुलगा नसतो, दिवसातून दोनदा येणारा कुरियरवाला तर नसतोच. कुत्र्याशी जवळून गाठ मात्र यांचीच पडणार असते. आणि ठेकेदाराकडून आलेला माणूस साहेबांच्या कुत्र्याला कधीच नको म्हणत नाही, हसून भिंतीला चिकटून उभा राहतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. परवानगी द्यावी, पण ‘आमच्याकडे कुत्रे चालतात’ अशी सरसकट नको. अमुक कुत्र्याला, अमुक वारी, अमुक जागेपुरती, आणि कधीही परत घेता येईल अशी द्यावी. जिथे हे जमणार नाही तिथे सरळ नाही म्हणावं. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच ऑफिसांना नाहीच म्हणावं लागेल, आणि त्यात कुत्र्याचंही भलं आहे.

परदेशातले दाखले हटकून दिले जातात. गूगलने आपल्या आचारसंहितेतच आपण ‘कुत्र्यांची कंपनी’ असल्याचं लिहून ठेवलं होतं, सिएटलला अ‍ॅमेझॉनच्या ऑफिसांत कुत्र्यांची नोंदणी होते. कुत्र्यामुळे ताण कमी होतो हे सांगताना एका अभ्यासाचा आधार घेतात. २०१२ साली व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या संशोधकांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कंपनीत तो केला होता. कुत्रा बरोबर आणणाऱ्यांनी दिवसाच्या शेवटी आपला ताण कमी असल्याचं सांगितलं, इतरांचा वाढलेला होता. पण माणसं होती पाऊणशेच्या आसपास, अभ्यास आठवडाभराचा, आणि लाळेतल्या कॉर्टिसॉलमध्ये, म्हणजे ताणाच्या संप्रेरकात, गटागटांत फरक दिसला नव्हता. म्हणजे बरं वाटतं हे खरं, त्यापुढचं सिद्ध झालेलं नाही. शिवाय तिथल्या ऑफिसाच्या फाटकावर सहा भटके कुत्रे पहारा देत नसतात. आपल्याकडचा निम्मा प्रश्न तिथेच आहे, त्याकडे येतोच.

तर विचारायचं कसं? ईमेलवर सर्व्हे पाठवला की ज्यांना कंपनीचा ईमेल आहे तेवढीच माणसं उत्तर देतात. त्यापेक्षा चिठ्ठ्या बऱ्या. मराठीत आणि हिंदीत छापलेली, नाव नसलेली चिठ्ठी, पॅन्ट्रीशेजारी ठेवलेला बंद डबा, आणि हाउसकीपिंग, सिक्युरिटी, ड्रायव्हर यांच्या तिन्ही पाळ्यांपर्यंत पोचलेली. प्रश्न तीनच ठेवा: कुत्र्याची भीती वाटते का, दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे का, धार्मिक किंवा इतर कारणाने कुत्र्याचा स्पर्श नको असतो का. ‘कुत्रे आवडतात का’ हे विचारू नका. आवडीचा काही संबंध नाही, मोजायचा तो नकार. एखाद्या मजल्यावर ‘हो, भीती वाटते’ अशी एक जरी चिठ्ठी निघाली तरी त्या मजल्यावर कुत्रा नको. ती कोणाची हे शोधत बसू नका आणि समजूत काढायलाही जाऊ नका. ‘आमचा काही करत नाही’ हे वाक्य भिणाऱ्या माणसाने हजार वेळा ऐकलेलं असतं.

अ‍ॅलर्जीबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय, की केस कमी गळणारी जात आणली म्हणजे झालं. अ‍ॅलर्जी करणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात, केस त्यांची नुसती वाहतूक करतात. त्यामुळे शिट्झू असो की पूडल, शंभर टक्के निर्धोक जात कुठलीच नाही. मजल्याला सेंट्रल एसी असेल तर एका टोकाचा कोंडा दुसऱ्या टोकाला पोचतो, आणि कार्पेट असेल तर कुत्रा येणं थांबल्यावरही कित्येक आठवडे तिथे राहतो. म्हणून कुत्र्याची खोली शक्यतो स्वतंत्र स्प्लिट एसीची, टाइल्सची आणि दार लागणारी हवी. एसीची जाळी तीन महिन्यांनी धुत असाल तर आता दर महिन्याला धुवावी लागेल. लॅब्रॅडॉर येत असेल तर दर पंधरा दिवसांनी.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण इथेच जास्त घसरतं. हाउसिंग सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, हे आता बहुतेकांना माहीत झालंय. तो नियम राहत्या घराचा. घरचा पाळीव कुत्रा कामाच्या जागी आणायचा हक्क त्यातून मिळत नाही, तिथे कंपनीचा शब्द चालतो. पण कंपनीच्याही वर इमारतीचा मालक असतो. भाडेकरारात प्राण्यांबद्दल काय लिहिलंय, लॉबी आणि लिफ्ट या सामाईक जागांबद्दल आयटी पार्कचे नियम काय, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. कंपनीने हो म्हटलं आणि गेटवरच्या सिक्युरिटीने पहिल्याच दिवशी अडवलं, हे नेहमीचं आहे. कँटीनला अन्न सुरक्षेचा परवाना असतो, त्याच्या स्वच्छतेच्या अटींनुसार स्वयंपाकाच्या जागी प्राणी येता कामा नयेत. लॅब, औषधांचं उत्पादन, मशीन चालू असलेला शॉप फ्लोअर, रुग्णालय इथे विचारच नको. कॉल सेंटरमध्येही नको, एक भुंकणं वीस हेडसेटमध्ये जातं.

जबाबदारी कोणाची, हेही लिहून ठेवा. आपल्या ताब्यातल्या प्राण्याकडून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये कर्मचाऱ्याचे उपचार बसतील, कुरियरवाल्याचे बसणार नाहीत. कुत्र्याचा विमा उतरवला असेल तर त्यात तिसऱ्या माणसाला झालेल्या इजेची भरपाई आहे का, हे एवढ्यासाठीच बघायचं.

कुत्र्याच्या फाइलमध्ये महापालिकेचा चालू वर्षाचा परवाना आणि लसीकरणाचं पुस्तक हवं. पुस्तकात काय पाहायचं? रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात पहिल्यांदा देतात आणि मग दर वर्षी. पहिली लस दिल्यावर पुरतं संरक्षण तयार व्हायला तीन आठवडे लागतात, म्हणून काल लस दिलेलं पिल्लू आज ऑफिसात चालणार नाही. दुसरी ती एकत्रित लस, जिला दवाखान्यात ‘सेव्हन इन वन’ किंवा ‘नाइन इन वन’ म्हणतात. तिच्यात डिस्टेंपर आणि पार्व्होसोबत लेप्टोस्पायरोसिस आहे ना, हे पाहा. मुंबईच्या पावसात साचलेल्या पाण्यातून लेप्टो माणसालाही होतो आणि कुत्र्यालाही. एकाहून जास्त कुत्रे एका खोलीत बसणार असतील तर केनेल कफची लसही हवी, एक खोकला की सगळे खोकतात. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. गोचिडांसाठी खायची गोळी मिळते, काही महिनाभर चालतात, काही बारा आठवडे. तारीख पुस्तकात लिहिलेली नसेल तर दिली नाही असंच धरा. खुर्चीच्या कुशनच्या शिवणीत एकदा गोचिडीची पिल्लं सापडली, की त्यानंतर कुत्र्यांचं धोरण एका दिवसात रद्द होतं.

वय एक वर्षाच्या वर हवं. पिल्लू जितक्या महिन्यांचं असेल त्यात एक मिळवा, तेवढे तास ते लघवी धरू शकतं, तेही जास्तीत जास्त. तीन महिन्यांचं पिल्लू आणि तुमची दोन तासांची मीटिंग, यात एकही चूक न होता चार वेळा निभावलं तर नशीब. माजावर आलेली कुत्री त्या तीन-साडेतीन आठवड्यांत आणायची नाही. नसबंदी न केलेला नर नवीन जागी प्रत्येक टेबलाच्या पायावर सही करतो.

जातीवर बंदी घालावी का, असं बरेच जण विचारतात. जातीपेक्षा हा एक कुत्रा कसा आहे ते बघा. शनिवारी, ऑफिस रिकामं असताना, तासभर बोलवा. लिफ्टमधून आणा. काचेच्या दारासमोर थांबवा. चाकांची खुर्ची त्याच्यापासून दहा फुटांवरून सरकवा, मग पाच फुटांवरून. प्रिंटरवर वीस पानं सोडा. स्टीलची बाटली फरशीवर पाडा, प्रत्येक ऑफिसात रोज एक पडतेच. हेल्मेट न काढता एक माणूस दारातून आत आणा. रेनकोट आणि हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला हा बहुतेक कुत्र्यांच्या लेखी माणूस नसतोच, चेहरा नसलेलं काहीतरी असतं. दचकला तर दचकू द्या. पाहायचं एवढंच, की किती वेळात सावरतो. अर्ध्या मिनिटात मालकाकडे बघून परत अंग टाकणारा कुत्रा चालेल. पाच मिनिटांनीही शेपूट पायांत, जीभ ओठांवरून फिरतेय, जांभया येताहेत, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तो त्याच्या परीने ‘घरी चला’ म्हणतोय. त्याचं ऐका. जांभई आली म्हणजे त्याला झोप आली, असं समजणारे कमी नाहीत.

पास झाला तर पुढचा आठवडा रोज दोन तास, नंतर अर्धा दिवस, आणि महिन्याभराने आठवड्यातले दोन दिवस पूर्ण. पाचही दिवस नकोच. पाच दिवस मालकाच्या पायाशी बसलेला कुत्रा शनिवारी घरी एकटा राहू शकत नाही, दार ओरबाडतो. कोविडच्या काळात घेतलेल्या पिल्लांचं हेच झालं.

आता बसायची जागा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण जागा अगदी साहजिक वाटते: मालकाच्या टेबलाखाली, पट्टा टेबलाच्या पायाला अडकवलेला. हे चित्र नीट पाहा. कुत्र्याच्या तीन बाजूंना पार्टिशन आहे, चौथीकडे मालकाचे पाय. शेजारच्या टेबलावरचा मुलगा चार्जर लावायला खाली वाकतो. त्याचा चेहरा एकदम कुत्र्याच्या तोंडासमोर, फूटभर अंतरावर, वरून आलेला. मोकळा कुत्रा अशा वेळी उठून दुसरीकडे जातो. बांधलेल्याला जाता येत नाही. तो आधी अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. मालक कानाला फोन लावून असतो, तो पट्टा ओढून ‘नो!’ म्हणतो. असं दोन-तीनदा झालं की कुत्रा गुरगुरणं सोडून देतो, आणि चौथ्या वेळी आवाज न करता चावतो. मग सगळे म्हणतात, अचानक चावला. अचानक काही झालेलं नसतं, इशारा द्यायची त्याची सोय आपणच काढून घेतलेली असते. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही ओरडायचं नाही. समोरच्या माणसाला मागे घ्यायचं आणि तो का गुरगुरला ते बघायचं.

म्हणून जागा भिंतीच्या कडेला हवी, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, आणि समोर लहान मुलांच्या जिन्याला लावतात तसं गेट. आत क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, दार उघडं ठेवलेलं. क्रेटचं माप नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीत सुमारे १० सेंटिमीटर मिळवून घ्यायचं: बीगलला साधारण ३० इंची, आपल्या गावठीला ३६, लॅब्रॅडॉरला ४२. क्रेटमध्ये असलेल्या कुत्र्याला कोणीही हात लावायचा नाही, हा नियम मोठ्या साहेबांनाही लागू. खाली रबरी मॅट टाका. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, आणि कंबरेचा त्रास आधीच असलेल्या लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेपर्डला ते महाग पडतं. पाणी वजनाच्या हिशेबाने, किलोला दिवसाला ५० ते ६० मिली, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला लिटरभर तरी. वाडगा जड स्टीलचा, रबरी बुडाचा, आणि एक्स्टेन्शन बोर्डपासून लांब. हाडं, खेळणी, च्यू आणायचे नाहीत. खाण्याच्या वस्तूवरून शांत कुत्रेही भांडतात. एका खोलीत दोनाहून जास्त कुत्रे नकोत, आणि त्या दोघांचीही पहिली गाठ ऑफिसात घालून द्यायची नाही. बाहेर मोकळ्या जागी, सैल पट्ट्यावर, शेजारी शेजारी चालवून ओळख होऊ द्या.

दर कुत्र्यामागे दोन माणसं ठरलेली हवीत, मालक आणि बदली. मालक मीटिंगला गेला की पट्टा बदलीच्या हातात. बदली सुट्टीवर असेल त्या दिवशी कुत्रा घरी. ‘जरा बघशील का रे’ असं पॅन्ट्रीतल्या मुलाला सांगून जाणं धोरणात स्पष्ट शब्दांत बंद करा. शी-शू साफ करणं हे मालकाचं काम, हाउसकीपिंगचं नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहा आणि मावशींना वाचून दाखवा.

लघवी झाली तर फिनेल ओतून भागत नाही. आपल्याला फिनेलचा वास येतो, कुत्र्याला त्याखालून लघवीचाच येतो, आणि तो परत तिथेच करतो. आधी वर्तमानपत्राने दाबून शोषून घ्या, घासू नका. मग साधं पाणी. मग पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइमचं क्लीनर भरपूर मारून दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो, मारल्या मारल्या पुसलं तर बाटली वाया. अमोनियाचा वास असलेलं क्लीनर मुळीच नको, त्याचा वास कुत्र्याला लघवीच्या जवळचा वाटतो.

आणि बाहेर न्यायचं कुठे? तीन-चार तासांनी एकदा तरी न्यावं लागतं. आयटी पार्कच्या लॉनवर माळीदादा जाऊ देत नाहीत, म्हणजे रस्ता आला. वाटेत लिफ्ट. लिफ्टमध्ये खरी भीती चावण्याची नसते, पट्ट्याची असते. माणूस आत गेला, कुत्रा बाहेर घुटमळला, दार लागलं. दाराचा सेन्सर माणसाचा हात ओळखतो, बारीक पट्टा त्याच्या लक्षात येईलच असं नाही, आणि लिफ्ट निघते. म्हणून लांब होणारा, बटणाचा पट्टा ऑफिसात बंद. साधा, न ताणणारा, सहा फुटांचा घ्या, लिफ्टमध्ये शिरताना हातभर आखूड धरा, आणि कुत्र्याला पायाशी घेऊन बरोबरच आत जा. पट्टा हार्नेसला लावलेला असेल तर घात झालाच तरी मान वाचण्याची शक्यता जास्त. गर्दी असेल तर पुढची लिफ्ट. सर्व्हिस लिफ्ट ठरवून घेतली तर उत्तम.

फाटकाबाहेर पडलं की भटके. ती त्यांची हद्द आहे, आणि रोज दोनदा पट्ट्यावरून मिरवत येणारा घरगुती कुत्रा हा त्यांच्या दृष्टीने घुसखोर. पट्ट्यावरच्या कुत्र्याला पळता येत नाही, मालक घाबरून पट्टा ताणतो, ताणलेल्या पट्ट्यामुळे कुत्र्याची मान वर आणि छाती पुढे होते, आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. रोजची वेळ आणि रस्ता एकच ठेवा, म्हणजे त्यांनाही सवय होते. वॉचमन त्यांना खायला घालत असेल तर ते फाटकावर न घालता पन्नास पावलं लांब, आणि तुमच्या फेरीच्या वेळेआधी. फाटकावर जेवण म्हणजे फाटकाची राखण आलीच. एप्रिल-मेमध्ये दुपारी डांबरावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. पग, बुलडॉग, शिट्झू यांना तर दुपारी बाहेर काढूच नका, चपट्या नाकाने त्यांना धापून अंग नीट थंड करता येत नाही. पार्किंगमधल्या बंद गाडीत ‘पाच मिनिटं’ ठेवणं हा विषयच नको. बाहेर ३० अंश असेल तर बंद गाडी दहा मिनिटांत ४० च्या घरात जाते.

ऑफिस आपल्याला निरुपद्रवी वाटतं, पण कुत्र्याच्या उंचीवरून बघा. कोपऱ्यातल्या कुंड्यांत मनी प्लांट आणि डिफेनबॅकिया असतात. ते चावले तर तोंडाची आग होते आणि लाळ गळते. लॉबीत शोभेचा सायकस म्हणजे सागो पाम असेल तर तो आधी हलवा. तो लिव्हर निकामी करतो, आणि त्याच्या बिया सगळ्यात घातक. ड्रॉवरमधलं शुगर-फ्री च्युइंगम झायलिटॉलचं, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोडव्याचं, असलं तर काही गोळ्यांतच लहान कुत्र्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. दिवाळीत टेबलाटेबलावर सुक्या मेव्याचे डबे येतात, त्यातले बेदाणे आणि मनुका मूत्रपिंडाला वाईट, चॉकलेट हृदयाला. डब्यातली कांद्याची भाजी नको आणि शिजलेलं चिकनचं हाडही नको, शिजलेलं हाड फुटून त्याच्या अणकुचीदार ढलप्या होतात. आणि पॅन्ट्रीच्या ओट्यामागे पेस्ट कंट्रोलवाले उंदरांसाठी ठोकळे ठेवून जातात, ते विसरू नका. ते विष रक्त गोठू देत नाही, आणि लक्षणं दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. कुत्र्याने ठोकळा खाल्ला तो सोमवारी, हिरड्या पांढऱ्या पडल्या त्या शुक्रवारी, आणि दोन्हींचा संबंध कोणाच्याच लक्षात येत नाही. पेस्ट कंट्रोलच्या माणसाकडून ठोकळे कुठे आणि कुठल्या औषधाचे, याची यादी लिहून घ्या. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे, ठोकळ्याच्या पाकिटासकट. वेळेत गेलं तर यावर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे.

एवढं करूनही दात लागला तर काय करायचं, हे भिंतीवर लावलेलं असू द्या. जखम नळाखाली, वाहत्या पाण्यात, साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून. माणूस दोन मिनिटांत नळ बंद करतो. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक. हळद, तिखट, चुना, तेल यातलं काही नाही. घट्ट पट्टी नाही, टाके घालायची घाई नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. नुसतं ओरखडलंय, रक्त आलेलं नाही, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ती दुसऱ्या श्रेणीची जखम आहे आणि तिला लस लागते. रक्त आलं, किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली, तर तिसरी श्रेणी, आणि लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. कातडीत देण्याच्या पद्धतीत ० (पहिला डोस त्याच दिवशी), ३, ७ आणि २८ या दिवशी, स्नायूत देत असतील तर १४ वा दिवसही. ‘आमच्या कुत्र्याला सगळ्या लसी दिल्यात’ म्हणून दवाखान्यात जायचं टाळू नका, लसीचं पुस्तक डॉक्टरांना दाखवा, ठरवू द्या त्यांना. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायचा, पण उपचार त्यासाठी थांबवायचे नाहीत. मावशींना चावला असेल तर त्या चार-पाच फेऱ्यांची पगारी सुट्टी आणि रिक्षाचं भाडं कुत्र्याच्या मालकाने द्यायचं, हे आधीच्या करारात सहीसकट असावं.

परवानगी कधी परत घ्यायची, हे आधी ठरलेलं असलं तर वाद होत नाहीत. कुत्र्यांच्या वागणुकीवर काम केलेले डॉ. इयन डनबार यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी यासाठी सोयीची आहे. हवेत तोंड मारलं पण दात लागला नाही, ही पहिली पायरी: कुत्रा घरी, आणि पुन्हा शनिवारपासून सुरुवात. दात कातडीला लागला पण घुसला नाही, ही दुसरी: तीन महिने बंद. दात घुसला, कितीही कमी घुसलेला असो, तिसरी: कायमचं बंद. मालक कोण आहे ते बघायचं नाही. संचालकांचा कुत्रा असेल तर हे लिहून ठेवलेलं जास्तच उपयोगी पडतं.

काही दिवस कुत्र्याला आणायचंच नाही. पुण्यात लक्ष्मी रोड, टिळक रोड भागात ऑफिस असेल तर विसर्जनाचा दिवस आणि त्याआधीची ढोल-ताशाची सगळी रात्र-दुपार. दिवाळीचा आठवडा. ऑफिसात पूजा असेल तो दिवस, खंडेनवमी धरून. फायर ड्रिलचा दिवस. बाहेरचे पाहुणे येणार असतील तो दिवस.

हे सगळं वाचून ‘एवढं कोण करणार’ असं वाटलं असेल, तर तुमच्या ऑफिसाचं उत्तर नाही असं आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. तरी ऑफिसात कुत्रा हवाच असेल, तर तो बहुधा आधीपासून आहे. फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीखाली झोपतो, प्रत्येकाला स्कूटरच्या आवाजावरून ओळखतो. मुंबईत बॉम्बे हाउसला, म्हणजे टाटा समूहाच्या मुख्यालयात, रस्त्यावरच्या कुत्र्यांना फार जुना थारा आहे. २०१८ साली इमारतीचं नूतनीकरण झालं तेव्हा त्यांच्यासाठी तिथे खास जागा काढली. गोव्यातून आलेला आणि ‘गोवा’ याच नावाचा त्यातला कुत्रा रतन टाटांचा लाडका होता. तेवढ्या थाटाची गरज नाही. फाटकावरच्या कुत्र्याच्या कानाच्या टोकाला खाच आहे का बघा. असेल तर नसबंदी झालेली आहे. नसेल तर महापालिकेला किंवा नसबंदीचं काम करणाऱ्या संस्थेला कळवा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार ते त्याला नेतात, शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस करतात आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडतात. शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारांबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये उचललेले कुत्रे परत तिथे न सोडण्याचा वेगळा आदेश दिलाय, तिथल्या ऑफिसांनी हा मार्ग धरू नये. पुढच्या वर्षापासून लसीची तारीख कॅलेंडरवर टाका आणि वर्गणी काढा. गळपट्टा सैल बांधा, दोन बोटं आत जातील इतका. बिस्किटांचा पुडा बंद करा, त्यात साखर आणि मैद्याशिवाय काही नाही. त्याऐवजी दहीभात किंवा अंडं-भात, संध्याकाळी एका ठरलेल्या वेळी, पत्र्याच्या थाळीत. थाळी धुवायची पाळी आठवड्याने बदलती ठेवा, आणि त्या पाळीच्या यादीत मावशींचं नाव घालू नका.